पोंतेक्कियोचा वाडा

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार आपल्या कथेचा प्रारंभ बहुधा प्रयोगशाळेतून करतात. मॅक्सवेलची समीकरणे, हर्ट्झच्या ठिणग्या, लॉजची व्याख्याने असा तो क्रम असतो, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो यथार्थही आहे. परंतु बिनतारी यंत्रे तयार करून ती विकण्याचा जो धंदा पुढे जगभर पसरला, त्याचा उगम शोधू गेल्यास उत्तर इटलीतील एका जमीनदाराच्या घराच्या माळ्यावर चढावे लागते. बोलोन्या शहराच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरांवर, रेनो नदीच्या खोऱ्यात, पोंतेक्कियो गावी असलेला व्हिला ग्रिफोने हा तो वाडा होय. गुल्येल्मो मार्कोनीचे पहिले यशस्वी प्रयोग येथे झाले. आज तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि आगाऊ कळविले असता मार्गदर्शकाबरोबर तो सर्व वाडा पाहावयास मिळतो.

आम्ही तो पाहिला तेव्हा प्रथम डोळ्यांत भरली ती त्याच्या पायथ्याशी असलेली समाधी. वाडा चढावर उभा आहे आणि त्याच्या दर्शनी बाजूस, उताराच्या पोटात, दगडी बांधणीचे एक भव्य थडगे आहे. मार्चेल्लो प्याचेंतीनी हा मुसोलिनीच्या राजवटीतील अग्रगण्य वास्तुशिल्पी. त्याने हे थडगे रचले आणि १९४१ च्या ऑक्टोबरात मोठ्या समारंभाने ते खुले करण्यात आले. वर एक साधा, मजबूत, खेड्यातील सुखवस्तू कुटुंबाचा वाडा. खाली एका साम्राज्याभिलाषी राजसत्तेने बांधलेले स्मारक. या दोहोंत पाचपन्नास पावलांचेही अंतर नाही. पण माळा एक इतिहास सांगतो आणि समाधी दुसराच सांगू पाहते. प्रवाशाने दोन्ही ऐकावेत. मात्र आधी माळ्यावर जावे.

गुल्येल्मोचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे मार्कोनी हे डोंगराळ भागातून आलेले, जमीनजुमला बाळगून असलेले काटकसरी गृहस्थ. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडची. व्हिस्की गाळणाऱ्या जेमसन घराण्यातील ही मुलगी गायन शिकण्याकरिता बोलोन्यास आली आणि घरच्यांचा विरोध पत्करून १८६४ साली विवाहबद्ध झाली. मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था आमच्यासारख्या शाळामास्तरांना मुळीच पसंत पडणार नाही अशीच होती. कधी घरी खाजगी शिक्षक, कधी फ्लॉरेन्स, कधी लिव्होर्नो. शाळेत सलगपणे बसणे असे झालेच नाही. विद्यापीठात त्याचा रीतसर प्रवेश झाला नाही. १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्याने हे स्वतःच स्पष्ट सांगितले, आणि त्याच ठिकाणी लिव्होर्नोच्या प्राध्यापक रोसा यांच्या पदार्थविज्ञानावरील व्याख्यानांना आपण हजर राहिलो होतो, असा कृतज्ञ उल्लेखही केला. पदवीवाचून मोठा झालेला मनुष्य म्हणून त्याचे उदाहरण देणारे लोक हा दुसरा उल्लेख बहुधा गाळतात.

शिवाय बोलोन्या विद्यापीठातील आउगुस्तो रिगी हे विख्यात शास्त्रज्ञ होते. त्यांनी या तरुणास आपल्या ग्रंथालयाचे व उपकरणांचे दार उघडून दिले. १८९४ च्या आरंभी हर्ट्झ वारला. रिगींनी त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेख त्याच वर्षी उन्हाळ्यात आल्प्समध्ये विश्रांतीस गेलेल्या मार्कोनीच्या वाचनात आला, आणि या लहरींनी तारेवाचून संदेश पाठविता येईल, हा विचार तेथे त्याच्या मनाने घेतला. सारांश, त्याच्या भोवतीची हवा शास्त्राने भारलेली होती. परीक्षेची चाकोरी तेवढी नव्हती.

आता माळा. दोन मजले चढून गेल्यावर छपराखाली ही लांबट खोली लागते. येथे पूर्वी रेशमाचे किडे पाळीत असत. तुतीच्या पाल्याने भरलेली तबके एकावर एक रचावयाची, किड्यांनी पाला खावयाचा, कोश विणावयाचे, आणि ते कोश बाजारात जावयाचे, असा तो उद्योग. बोलोन्या हे शहर कित्येक शतके रेशमी धाग्यासाठी प्रसिद्ध होते, तेव्हा शेतवाडीवर अशी एक खोली असणे हे आपल्याकडे घरामागे गोठा असण्याइतकेच स्वाभाविक होय. त्या धंद्याची भरभराट ओसरल्यावर खोली रिकामी पडली आणि आईच्या मध्यस्थीने ती धाकट्या मुलाच्या खटपटींकरिता मोकळी झाली. इटालियन लोक तिला आजही किड्यांची खोली असेच म्हणतात.

माळ्यावर जी उपकरणे मांडलेली आहेत, त्यांत बहुतेक प्रतिकृती आहेत. मूळ वस्तूंचा व कागदपत्रांचा मोठा साठा कंपनीकडे इंग्लंडात राहिला आणि २००४ साली तो ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेला. पण या प्रतिकृती नुसत्या पाहावयाच्या नाहीत, त्या चालतात. कळ दाबताच रिगींच्या पद्धतीच्या गोलकांमध्ये निळसर ठिणगी तडतडते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजते. १८९४ च्या अखेरीस एका रात्री मुलाने आईला झोपेतून उठवून वर आणले व हीच गंमत तिला दाखविली, असे कुटुंबात सांगत आले आहेत.

ही घंटा वाजते कशी हे समजावून घेण्याजोगे आहे. कारण मार्कोनीची खरी बुद्धी येथेच दिसून येते. लहरी ओळखणारे साधन म्हणजे धातूचा कीस भरलेली एक काचेची नळी. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक ब्रांली याने १८९० साली असे दाखविले होते की, हा कीस एरवी विजेच्या प्रवाहास अडवितो, पण जवळपास ठिणगी पडली की त्याचे कण एकमेकांस चिकटल्यासारखे होऊन प्रवाह वाहू लागतो. इंग्लंडात लॉज याने तिला कोहीरर असे नाव दिले. तिची अडचण अशी की, एकदा चिकटलेले कण आपण होऊन सुटत नाहीत. नळीला टिचकी मारावी लागते. मार्कोनीने घंटेच्या हातोडीकडूनच ही टिचकी मारविली. लहर आली, प्रवाह वाहिला, हातोडी हलली, कण सुटले, नळी पुढच्या लहरीस तयार झाली. कीस कशाचा घ्यावा यासाठी त्याने नाना धातू कानशीने घासून पाहिले आणि शेवटी निकेल शेकडा ९५ व चांदी शेकडा ५ हे प्रमाण ठरविले. नळीतील हवाही काढून टाकली. यात नवे तत्त्व एकही नाही, हे त्याच्या टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. परंतु प्रयोगशाळेत दहा वेळांतून सहा वेळा चालणारी वस्तू आणि वादळात, बोटीवर, अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातात दहाच्या दहा वेळा चालणारी वस्तू यांत जे अंतर असते, ते तत्त्वांनी भरून येत नाही. ते कानशीने भरून काढावे लागते. कारखानदाराची दृष्टी म्हणतात ती हीच, आणि ती विशीतल्या या तरुणाला या माळ्यावर लाभली होती.

माळ्याच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसते. तिला चेलेस्तीनींची टेकडी असे नाव आहे. १८९५ च्या उन्हाळ्यात प्रयोग घरातून बागेत व बागेतून शेतात गेले. अंतर वाढविण्याची किल्ली मार्कोनीस याच वेळी सापडली. प्रेषकाचे एक टोक जमिनीत पुरावयाचे आणि दुसरे उंच खांबावर टांगलेल्या पत्र्यास जोडावयाचे. ग्राहक यंत्राचेही तसेच. खांब जितका उंच तितका संदेश दूर जातो, हे त्याने मोजून पाहिले. त्याचा थोरला भाऊ आल्फोन्सो व शेतावरील माणसे ग्राहक यंत्र घेऊन दूरदूर जात आणि संदेश मिळाला की रुमाल हालवून खूण करीत. पण टेकडीच्या पलीकडे गेल्यावर रुमाल कसा दिसावा? म्हणून बंदूक नेली. खिडकीपाशी तीन टिंबांचा संकेत दिला गेला आणि टेकडीपलीकडून बार ऐकू आला. अंतर सुमारे दोन किलोमीटर. लहरी डोंगर ओलांडून गेल्या होत्या, आणि प्रकाशाप्रमाणे त्या सरळ रेषेतच जाणार या समजास त्या बाराने पहिला धक्का बसला.

बंदुकीची ही गोष्ट मार्कोनीने पुढे स्वतः सांगितली आणि त्याची कन्या देग्ना हिने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या पितृचरित्रामुळे ती सर्वत्र पसरली. शालेय पुस्तकांत मात्र ती फार आखडून येते. तेथे एक मुलगा असतो, एक यंत्र असते आणि एक शोध असतो. वाडा पाहताना नेमके उलट वाटते. खांब रोवणारे शेतकरी, पेट्या करून देणारा सुतार, बंदूक वाहणारा भाऊ, खोली मिळवून देणारी आई, कुरकुर करीत का होईना पण साहित्याचे पैसे देणारा बाप, उपकरणे दाखविणारे प्राध्यापक, एवढी माणसे त्या एका तीन टिंबांच्या मागे उभी आहेत. इटलीच्या सरकारने या मुलाला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखविला, ही जी दुसरी गोष्ट प्रचलित आहे, ती मात्र आख्यायिका म्हणूनच घ्यावी. तो इंग्लंडास गेला याचे कारण शोधावयास अपमानापर्यंत जाण्याची गरज नाही. जगातील सर्वांत मोठे आरमार व व्यापारी जहाजे इंग्लंडची होती, आणि आईची माणसे तेथे होती.

१८९६ च्या फेब्रुवारीत मायलेक लंडनला पोहोचले. ॲनीचा नातलग हेन्री जेमसन डेव्हिस याने ओळखी करून दिल्या, पेटंटाचा अर्ज करविला. २ जून १८९६ रोजी तो अर्ज दाखल झाला. टपालखात्याचे मुख्य अभियंते प्रीस यांनी प्रयोगांस पाठबळ दिले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेला. आणि २० जुलै १८९७ रोजी एक लाख पौंड भांडवलाची कंपनी स्थापन झाली. तेवीस वर्षांच्या मार्कोनीस पेटंटाबद्दल पंधरा हजार पौंड रोख व साठ हजार समभाग मिळाले. भांडवल घालणाऱ्यांत जेमसन कुटुंबाचे आप्त व धान्याचे व्यापारी पुष्कळ होते. आयर्लंडच्या बार्लीचा पैसा अशा रीतीने आकाशलहरींत गुंतला. प्रीस यांस ही कंपनी रुचली नाही. सरकारी खात्याने ज्याला पुढे आणले, त्याने खाजगी भांडवलाचा हात धरला असे त्यांना वाटले. त्यांचे वाटणे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

कंपनीने १८९८ च्या अखेरीस चेम्सफर्ड गावी हॉल स्ट्रीट येथे कारखाना काढला. जगातील बिनतारी यंत्रांचा हा पहिला कारखाना. इमारत नवी नव्हती. ती बंद पडलेली रेशमाची गिरणी होती. पोंतेक्कियोच्या माळ्यावरून आलेल्या मनुष्यास चेम्सफर्डातही रेशमानेच जागा करून द्यावी, हा योगायोग होय, आणि योगायोगास अर्थ चिकटवू नये हे आम्ही जाणतो. तरीही एवढे म्हणता येईल की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जेथे जेथे जुना उद्योग मागे सरत होता, तेथे तेथे त्याच्या रिकाम्या खोल्या नव्या उद्योगास स्वस्तात मिळत होत्या.

या कंपनीची व्यापारनीती फार धूर्त होती आणि तिची चर्चा मार्कोनीचे गुणगान करणाऱ्या ग्रंथांत थोडक्यात उरकली जाते. ती यंत्रे सहसा विकीत नसे, भाड्याने देत असे. जहाजावर यंत्राबरोबर तिचाच नोकर जाई. १९१२ साली ‘टायटॅनिक’वरून शेवटपर्यंत मदतीची हाक देणारे दोघे तरुण याच कंपनीचे चाकर होते. तिच्या नोकरांस अशी आज्ञा असे की, दुसऱ्या कंपनीचे यंत्र बसविलेल्या जहाजाशी, संकट ओढवल्यावाचून, बोलू नये. आकाशातून जाणाऱ्या शब्दावर असे कुंपण घालणे जर्मनीस सहन झाले नाही. १९०३ साली बर्लिन येथे परिषद भरली आणि १९०६ च्या करारान्वये किनाऱ्यावरील ठाणी व जहाजे यांनी यंत्राचा भेद न पाहता परस्परांशी बोललेच पाहिजे, असा नियम झाला. बिनतारी विद्येच्या इतिहासात बंदुकीच्या बारापेक्षा या नियमाचे महत्त्व कमी नाही, असे आमचे मत आहे. संग्रहालयात मात्र बाराचा आवाज मोठा ऐकू येतो.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंगाला बांधलेल्या तारेतून मार्कोनीने कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथून आलेली तीन टिंबे ऐकली. त्या ऐकण्याबद्दल आजही शास्त्रज्ञांत एकमत नाही. दिवसा त्या लांबीची लहर इतकी दूर जावी हे कित्येकांस असंभवनीय वाटते. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे ती त्याच्या हातातील नळी. ती निकेलच्या किसाची नव्हती. लोखंड व पारा यांच्या योगाने काम करणारे ते साधन होते, त्यास इटालियन आरमाराचा कोहीरर असे म्हणत, आणि आरमारातील सोलारी या अधिकाऱ्याने ते मार्कोनीस दिले होते. याच जातीचे साधन आमच्या जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सिद्ध करून १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे वर्णन मांडले होते. १९९८ साली बंद्योपाध्याय या संशोधकाने एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकात साधार लेख लिहून हे नाते पुन्हा जगापुढे आणले. म्हणून मार्कोनी चोर आणि बसू खरे जनक, असे म्हणण्याची आपल्याकडे घाई होते. ती घाई आम्हांस मान्य नाही. बसूंना कारखाना काढावयाचाच नव्हता, पेटंटाचीही त्यांना मनापासून नावड होती. मित्रमंडळींच्या आग्रहाने त्यांनी अमेरिकेत एक पेटंट घेतले तेवढेच. पण ज्या साधनाने आपले नाव अटलांटिकपार गेले, त्याच्यामागे कलकत्त्याचा एक प्राध्यापक होता, हे मोकळेपणाने सांगण्याचे औदार्य मार्कोनीने दाखविले नाही, ही गोष्ट नोंदलीच पाहिजे.

चेम्सफर्डच्या कारखान्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात पोहोचतो, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धानंतर मार्कोनी लांब लहरी सोडून लघुलहरींकडे वळला. त्याच्या कंपनीतील अभियंता फ्रँकलिन याने लघुलहरींचा झोत एकाच दिशेस फेकणारी आकाशतारांची रचना सिद्ध केली. तिला बीम पद्धती म्हणतात. ब्रिटिश साम्राज्याचे कानेकोपरे लंडनशी जोडण्याकरिता तीच स्वीकारण्यात आली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्यामागून सप्टेंबर १९२७ मध्ये हिंदुस्थानचा मार्ग खुला झाला. इंग्लंडकडील ठाणी ग्रिम्सबी व स्केग्नेस येथे. इकडची दोन्ही पुणे जिल्ह्यात. खडकीहून संदेश सुटे आणि दौंडला येई. त्यापूर्वी मुंबईची तार समुद्राखालच्या दोराने जात असे व तिचा दर सामान्य व्यापाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा असे. बीमने हा दर इतका खाली आणला की, दोरांच्या कंपन्यांचे आसन डळमळले, आणि १९२९ साली साम्राज्यातील दोर व बिनतारी असे दोन्ही व्यवहार एका नव्या संस्थेत विलीन करावे लागले. दौंड म्हटले की आपणांस रेल्वेचे जंक्शन तेवढे आठवते. लंडनचे बाजारभाव एके काळी हवेतून दौंडला उतरत, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

येथवर माळ्याचा इतिहास झाला. समाधीचा इतिहास मात्र अजून सांगावयाचा आहे, आणि अकादमीच्या पत्रिकेत तो विशेष सांगितला पाहिजे.

मार्कोनी १९२३ साली फासिस्ट पक्षात गेला. तो मुसोलिनीचा नाइलाजाने झालेला अनुयायी नव्हता. १९२९ साली त्यास मार्क्विसचा किताब मिळाला आणि १९३० साली राजकीय इटालियन अकादमीचे अध्यक्षपद मिळाले. ही संस्था मुसोलिनीने साहित्य, कला व शास्त्रे यांतील श्रेष्ठींचा सन्मान करण्याकरिता स्थापिली होती. रोममधील फार्नेसीना प्रासादात तिचे वास्तव्य, सभासदांस वेतन, पोशाख, मानमरातब. तिच्यात कोणास घ्यावे याच्या याद्या होत असत. २००२ साली आन्नालीसा काप्रिस्तो या इतिहास-संशोधिकेने त्या अकादमीच्या दप्तरातून जे कागद उजेडात आणले, त्यांत उमेदवारांपैकी काहींच्या नावांसमोर मार्कोनीने ‘ए’ हे अक्षर मांडलेले आढळते. ‘एब्रेओ’, म्हणजे यहुदी, या शब्दाचे ते आद्याक्षर. मार्कोनीच्या अध्यक्षपदाच्या काळात एकाही यहुदी विद्वानाचा त्या अकादमीत प्रवेश झाला नाही. इटलीतील वंशभेदाचे कायदे १९३८ साली झाले, म्हणजे मार्कोनीच्या मृत्यूनंतर एक वर्षाने. ज्या गोष्टीची सक्ती अजून कायद्याने केली नव्हती, ती एका विद्वत्संस्थेत एका अक्षराने, गाजावाजा न करता, आधीच पार पडत होती.

त्याचे समर्थक म्हणतात की, इच्छा हुकूमशहाची होती. अध्यक्षाने केवळ ती जाणून खूण केली. असेलही. पण ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले होते, ज्याचे नाव सातासमुद्रांवर होते, ज्याला नाही म्हणण्याची किंमत इटलीतील दुसऱ्या कोणाहीपेक्षा कमी पडली असती, त्याने ती खूण केली. जो आपल्या माळ्यावर लिव्होर्नोच्या, बोलोन्याच्या, पॅरिसच्या, लंडनच्या विद्येवर मोठा झाला, त्याने विद्येच्या दाराशी बसून माणसांचे कूळ तपासावे, हे वाचून आम्ही फार वेळ अस्वस्थ होतो. शास्त्रज्ञाचे शास्त्र व त्याचे आचरण यांची गल्लत करू नये, असा उपदेश अशा वेळी केला जातो. पण अकादमीचे अध्यक्षपद हे शास्त्र नव्हे, आचरणच होय. त्याचा हिशेब निराळा मागता येत नाही.

२० जुलै १९३७ रोजी मार्कोनीने रोममध्ये देह ठेवला. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेस कंपनीची स्थापना झाली होती. दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या देशांच्या बिनतारी ठाण्यांनी दोन मिनिटे मौन पाळले. १९३८ साली त्याच्या नावाचे प्रतिष्ठान निघाले. ज्या पंचक्रोशीत हा वाडा आहे तिचे सास्सो बोलोन्येसे हे नाव त्याच वर्षी बदलून सास्सो मार्कोनी करण्यात आले. आणि १९४१ मध्ये, इटली महायुद्धात गुंतलेली असताना, त्याचा देह या समाधीत आणला. राजसत्तेस एक वीर हवा होता. रुमाल हालविणारा आल्फोन्सो, सुतार, शेतकरी, ब्रांली, रिगी, बसू यांना अशा वास्तूत जागा नसते.

आणि मग युद्धच या खोऱ्यात आले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात दोस्तांचे सैन्य बोलोन्याच्या दक्षिणेकडील डोंगरांत अडकून पडले होते व आघाडी याच बाजूस होती. वाड्याची त्या काळात मोठी नासधूस झाली. आज आपण पाहतो तो युद्धानंतर दुरुस्त केलेला वाडा. भिंतींचा नीटनेटकेपणा पाहून हे एरवी ध्यानात येत नाही.

कारखान्याचे पुढे काय झाले हेही सांगावयास हवे. १९१२ साली तो चेम्सफर्डातच न्यू स्ट्रीटवरील नव्या प्रशस्त इमारतीत गेला. तेथून १५ जून १९२० रोजी नेल्ली मेल्बा या गायिकेचा आवाज प्रक्षेपित झाला, आणि ध्वनिक्षेपणाच्या युगाची ती नांदी मानली जाते. कंपनीने पुढे पुष्कळ रूपे पालटली. अखेर २००६ साली तिचा मोठा भाग स्वीडनच्या एका उद्योगाने घेतला आणि मार्कोनी हे नाव धारण करणारा तो जुना धंदा संपला.

वाड्याच्या बागेत एक लोखंडी अवशेष आहे. मार्कोनीने महायुद्धानंतर घेतलेल्या ‘एलेत्रा’ नावाच्या नौकेचा तो तुकडा. तिच्यावर बसून त्याने लघुलहरींचे पुष्कळ प्रयोग केले. खडकी-दौंडच्या मार्गामागील कामाचा काही भाग या नौकेवरच झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ती ताब्यात घेतली, १९४४ मध्ये डाल्मेशियाच्या किनाऱ्याशी ती बुडाली, १९६२ साली तिचा सांगाडा वर काढला, आणि दुरुस्तीच्या योजना बारगळल्यावर १९७७ साली ती तोडली. तुकडे ठिकठिकाणच्या संस्थांनी नेले. हा पोंतेक्कियोस आला. आम्ही गेलो त्या दिवशी एका शाळेची मुले त्याभोवती जमली होती. शिक्षिका त्यांना समाधीकडे बोलावीत होत्या, पण मुले त्या लोखंडावर बोटांनी टकटक करून त्याचा आवाज ऐकण्यात गुंग झाली होती.